मुजद्दरा: भरपूर कांद्यातला मसूर-भात, गॅसवर आणि चुलीवर

लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन या भागात घरोघरी होणारा मुजद्दरा म्हणजे अख्खा मसूर, तांदूळ आणि तेलात गडद तांबूस तळलेला कांदा. मसाला नावापुरता, तिखट नाही, हळद नाही. १२२६ साली अल-बगदादी याने लिहिलेल्या पाकग्रंथात याची कृती सापडते. तेव्हा समारंभाला त्यात मांस पडायचं आणि बिनमांसाचा गरिबाघरी शिजायचा. आता बिनमांसाचाच सगळीकडे चालतो, आणि तिकडचे ख्रिस्ती लोक ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत हमखास करतात.

आपल्याकडे हा करायला घेतला की बहुतेकदा एकच घोटाळा होतो: त्याची खिचडी होते. हात आपोआप मोहरी-हळदीकडे जातो, मग कुकर निघतो, तीन शिट्ट्या होतात आणि मसूर-तांदूळ एकजीव होऊन जातात. चवीला वाईट लागत नाही, पण तो मुजद्दरा नव्हे. म्हणून कुकर, हळद आणि हिंग-मोहरीची फोडणी या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवा. मसूर आधी वेगळा अर्धवट शिजवायचा आणि कांदा मसुराच्या तिपटीहून थोडा जास्तच घ्यायचा. एवढं पाळलं की बाकीचं सांभाळून घेता येतं. चातुर्मासात कांदा सोडणाऱ्यांनी कार्तिकीनंतरच करावा. बिनकांद्याचा मुजद्दरा करण्यात काही अर्थ नाही.

चार-पाच जणांसाठी

अख्खा मसूर १ वाटी (२०० ग्रॅम)
तांदूळ १ वाटी (२०० ग्रॅम)
कांदे ६५० ग्रॅम, म्हणजे मोठे पाच
तेल अर्धी वाटी
जिरे दीड चमचा, भाजून जाडसर कुटलेले
मिरे पाऊण चमचा, जाडसर कुटलेले
दालचिनी बोटाच्या पेराएवढी
लवंगा ३, जायफळ चिमूटभर
मीठ २ सपाट चमचे

चमचा म्हणजे चहाचा चमचा आणि वाटी म्हणजे २०० ग्रॅम तांदूळ मावेल ती. पाण्याचं मापही त्याच वाटीने घ्यायचं. तिकडे लवंग-जायफळाऐवजी ऑलस्पाइस नावाचा मिऱ्यासारखा दाणा वापरतात. तालुक्याच्या बाजारात तो मिळणं कठीण, आणि वर दिलेल्या तीन मसाल्यांनी त्याची जागा चांगली भरून निघते. गरम मसाल्याचं पाकीट मात्र फोडू नका. त्यातले धने आणि मसालावेलची कांद्याची चव दाबून टाकतात.

मसूर, तांदूळ, तेल

मसूर सालासकट अख्खा हवा. सोललेली केशरी डाळ दहा मिनिटांत विरघळते, ती इथे कामाची नाही. अरबी घरांत वापरतात तो मसूर मोठा, चपटा, आतून पिवळसर असतो आणि शिजल्यावरही आकार धरून ठेवतो. आपला आतून केशरी असतो आणि लवकर मऊ पडतो. त्यामुळे परदेशी कृतींमधली पंचवीस-तीस मिनिटांची वेळ जशीच्या तशी घेतली तर लगदा झालाच म्हणून समजा. वर्षभर कोठीत पडलेला मसूर असेल तर उलटा त्रास: उन्हाळ्याच्या उष्णतेत साठवलेलं कडधान्य शिजायला अडतं आणि मधूनच काही दाणे कुचर राहतात. असा मसूर दोन तास भिजवा. नव्याला भिजवायची गरज नाही. निवडून मात्र घ्याच, कारण मसुरात त्याच रंगाचे बारीक खडे लपतात.

भंडारा-गोंदियाकडे घरात लाखोळी (लाखेची डाळ) असतेच, पण मसुराऐवजी ती वापरू नका. ती सतत भरपूर खाण्यात आली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो, आणि या पदार्थात तर कडधान्य भाताच्या बरोबरीने पडतं.

तांदूळ बारीक आणि जुना घ्या. एचएमटी यासाठी उत्तम: दाणा बारीक, वास बेताचा, शिजून मोकळा. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवड करून घडवलेलं हे वाण आता विदर्भातल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. जय श्रीराम नावाचा तांदूळही चालतो. चिन्नोर नको, त्याचा मऊपणा आणि सुगंध दोन्ही वरण-भातालाच शोभतात. बासमतीचा लांब दाणा मसुरात उगाच उठून दिसतो, तिकडेही बहुतेक घरांत त्याचा हट्ट नसतो. नवा तांदूळच हाताशी असेल तर पाणी पाव वाटी कमी करा.

तेल मुळात ऑलिव्हचं. इथे शेंगदाण्याचं किंवा करडईचं घ्या, सोयाबीनचं रिफाइंडही चालतं. जवसाचं तेल मात्र कांदा तळायला नको. ते लवकर धुरकटतं आणि कडवट वास धरतं. ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली घरात असेलच तर एक चमचा शेवटी वरून सोडा, तळण्यात घालवू नका.

कांदा

सगळा जीव इथे आहे, म्हणून वेळही इथेच द्यायचा. पाचांपैकी साडेतीन कांदे उभे चिरा, जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास, आणि सगळे काप सारखे. पातळ-जाड मिसळले की पातळ जळतात आणि जाड पांढरे राहतात. उरलेला दीड कांदा बारीक चिरून वेगळा ठेवा.

उन्हाळी कांदा कोरडा असतो, तो सरळ तेलात जाऊ द्या. खरिपाचा नवा लाल कांदा पाणीदार. त्याला अर्धा चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, मुठीने घट्ट पिळा आणि फडक्यावर पसरून वारा लागू द्या. न पिळता टाकला तर पंधरा मिनिटं तो नुसता उकडतो, तळला जातच नाही. पिळलेल्या कांद्यात मीठ मुरतं, तेव्हा भातातलं मीठ त्या मानाने कमी घ्या.

जाड बुडाची पसरट कढई घ्या. तेल तापलं की एक काप टाकून बघा. भोवती बारीक बुडबुडे लगेच उठले म्हणजे बरोबर. मग सगळा उभा कांदा टाका. पहिली दहा मिनिटं मध्यम आच, अधूनमधून हलवायचं. कांदा पारदर्शक होतो, आकसतो आणि चरचर आवाज हळूहळू कमी होत जातो. आवाज कमी झाला म्हणजे पाणी उडालं. इथून पुढे आच मंद करा आणि कढई सोडून कुठे जाऊ नका. पिवळसर ते सोनेरी व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात, सोनेरी ते तांबूस व्हायला तीन-चार, आणि तांबूस ते काळा व्हायला एक मिनिटही पुरतं. कडा गडद तांबूस झाल्या आणि मधला भाग अजून सोनेरी आहे, तेव्हाच झाऱ्याने तेल निथळवून बाहेर काढा. बाहेर आल्यावरही कांदा गरम तेलामुळे रंगत राहतो. मोठ्या परातीत एकेरी पसरा. ढीग केला की स्वतःच्या वाफेने मऊ पडतो, मग कितीही वेळ ठेवा, कुरकुरीत होत नाही.

साखर घालून रंग आणायची युक्ती काही जण सांगतात. करू नका. कांद्यात स्वतःची साखर पुरेशी असते, वरची साखर आधी जळते.

आता कढईत चार-पाच मोठे चमचे तेल ठेवून बाकीचं वाटीत काढा. ते फेकायचं नाही, शेवटी लागणार आहे. राहिलेल्या तेलात दालचिनी आणि लवंगा टाका, त्यावर बारीक चिरलेला कांदा. हा वरच्या कांद्यापेक्षाही गडद, पक्का तपकिरी होऊ द्यायचा. दहा-बारा मिनिटं लागतील. जिऱ्याची पूड, मिरे, जायफळ घालून अर्धा मिनिट परता, आच कमी करा आणि कडेकडेने अर्धी वाटी पाणी सोडा. तेल उडतं, तोंड लांब ठेवा. बुडाला चिकटलेलं सगळं सराट्याने (उलथन्याने) खरवडून पाण्यात उतरवा आणि पाच मिनिटं उकळू द्या. कांदा जवळपास विरघळतो आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. मुजद्दऱ्याला तो तपकिरी रंग आणि खोल चव येते ती या पाण्यातून, मसाल्यातून नाही. ही पायरी गाळून नुसता वरून कांदा पेरला की खाली फिका मसूर-भात राहतो.

मसूर अर्धवट शिजवणं

कांदा तळला जात असतानाच दुसऱ्या शेगडीवर मसूर लावा. चार वाट्या पाणी, एक वाटी धुतलेला मसूर, झाकण अर्धं. उकळी आल्यापासून न भिजवलेला नवा मसूर पंधरा ते अठरा मिनिटं घेतो, भिजवलेला दहा-बारा. न भिजवलेल्याचा बाराव्या मिनिटापासून, भिजवलेल्याचा त्याआधीच दाणा काढून बोटात दाबत राहा. दाणा दबला पाहिजे, पण मधे बारीकशी कणी लागली पाहिजे. पूर्ण पीठ झालं तर पुढच्या पंधरा मिनिटांत साल निघून लगदा होणार. अगदी कच्चा राहिला तर भाताबरोबर तो शिजत नाही, कारण तोवर पाणी तांदूळ पिऊन बसलेला असतो. झाला की गाळा आणि खालचं पाणी राखून ठेवा.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण विदर्भात अर्धे मसूर इथे बिघडतात. बोअरच्या जड पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम जास्त असतं. ते दाण्याच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या घटकाला घट्ट करतं, म्हणून मसूर अर्धा तास उकळला तरी टणकच राहतो. अशा गावात शिजवायला आरओचं, विहिरीचं गोडं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. काहीच नसेल तर चार वाट्या पाण्याला चिमूटभर खाण्याचा सोडा, पाव चमच्याच्याही निम्मा. त्याहून वाढला की साबणासारखी चव येते, सालं सुटतात आणि बी-१ जीवनसत्त्वही जातं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी मुळातच खारट असतं. तिथे आधी पाऊण मीठच घाला आणि चव बघून वाढवा. टोमॅटो, चिंच, लिंबू यातलं काहीही मसूर शिजण्याआधी त्यात जाऊ देऊ नका, आंबटानेही दाणा अडतो.

एकत्र करणं

तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजवून निथळलेला असावा. कढईतलं कांद्याचं पाणी जाड बुडाच्या गंजात (पातेल्यात) ओता. त्यात मसुराचं राखलेलं पाणी इतकं घाला की दोन्ही मिळून दोन वाट्या होतील. मसुराचं पाणी कमी पडलं तर साधं गरम पाणी. सोडा घातला असेल तर मात्र ते पाणी टाकून द्या आणि सगळं साधंच घ्या. मीठ घालून खळखळून उकळी आणा. आता तांदूळ आणि मसूर घाला, एकदाच हलवा आणि सराटा बाजूला ठेवा. इथून पुढे ढवळणं बंद, कारण ढवळल्याने मसूर फुटतो आणि तांदळाचं पीठ सुटून सगळं चिकटतं.

पाणी तांदळाच्या पातळीला आलं आणि वर भोकं दिसू लागली की आच अगदी मंद करा. झाकणाला स्वच्छ फडकं गुंडाळून घट्ट बसवा. फडक्याची टोकं वर बांधा, नाहीतर पेटतात. बारा ते पंधरा मिनिटं. मग गॅस बंद, आणि झाकण न उघडता आणखी पंधरा मिनिटं. फडकं वाफेचं पाणी शोषून घेतं, त्यामुळे वरचा थर गिच्च होत नाही. उघडल्यावर काट्याने किंवा सराट्याच्या कडेने बाजूने मोकळा करा, राखलेलं कांद्याचं तेल वरून फिरवा, एक तृतीयांश तळलेला कांदा हलक्या हाताने मिसळा आणि बाकीचा वाढताना वर पसरा. आधी पसरून झाकून ठेवला तर त्याचा कुरकुरीतपणा गेला.

पातळ जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) गंजात करायचं असेल तर खाली तवा ठेवा. बूड लागल्याचा वास आलाच तर खरवडू नका. वरचा भात दुसऱ्या भांड्यात काढा, खालचा बोटभर थर तसाच सोडा. तांदूळ कच्चा आणि पाणी संपलं, तर पाव वाटी उकळतं पाणी कडेने सोडून पुन्हा सात-आठ मिनिटं झाका; थंड पाणी टाकलं की दाणा बाहेरून फुटतो आणि आतून टणकच राहतो. उलट पाणी जास्त झालं तर झाकण काढून मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा, पण चमचा घालू नका.

चुलीवर

चुलीवर हा गॅसपेक्षा चवदार होतो, फक्त जळण विचारपूर्वक लावा. पऱ्हाटी-तुराटी भडकन पेटते आणि भडकन विझते. मसूर उकळायला आणि भाताची पहिली उकळी आणायला ती ठीक. कांद्याला मात्र बाभळीचे इंगळ हवेत. पऱ्हाटीच्या जाळावर कांदा एका बाजूने करपतो आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राहतो. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की जळती लाकडं ओढून घ्या, इंगळ पसरून त्यावर गंज ठेवा आणि झाकणावरही दोन-तीन इंगळ ठेवा. झाकणावर इंगळ असतील तर फडकं लावायचं नाही. वीस मिनिटांत होतो. चुलीला वैल असेल तर शेवटची पंधरा मिनिटं गंज वैलावर सरकवून द्यायचा.

गव्हाचा प्रकार

तिकडच्या खेड्यांत तांदळाऐवजी बुरगुल वापरतात. दक्षिण लेबनॉनमधला गडद तांबडा मुजद्दरा बुरगुलाचाच असतो. बुरगुल म्हणजे गहू आधी उकडून, वाळवून मग भरडलेला. बाजारचा दलिया कच्च्या गव्हाचा असतो, म्हणून तो आधी तेलात चार-पाच मिनिटं खमंग भाजायचा आणि पाणी सव्वादोन वाट्या घ्यायचं. चालतो, पण थोडा चिकटतो.

खरा बुरगुल विदर्भाच्या उन्हात घरी सहज होतो, आणि कुरडया-पापडाच्या दिवसांत तर तेवढंच एक काम वाढतं. बन्सी गहू मिळाला तर उत्तम, कारण बुरगुल मुळात त्याच कडक जातीच्या गव्हाचा करतात. एक किलो गहू धुऊन तिप्पट पाण्यात पाऊण ते एक तास उकडा. दाणा टम्म फुगून मऊ झाला पाहिजे, पण फुटून पिठूळ व्हायला नको. निथळून धोतरावर पातळ पसरा, एप्रिल-मेची दोन उन्हं पुरतात. दाताखाली कडकन तुटला की वाळला. चक्कीवर किंवा जात्यावर जाडसर भरडून पीठ चाळून काढा आणि कोरड्या डब्यात भरा. एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी लागतं, भिजवायची गरज नाही.

लेबनॉनमध्ये याचं घोटीव रूपही आहे: दोन वाट्या मसूर अगदी मऊ शिजवून चाळणीतून गाळायचा, त्यात अर्धी वाटीच तांदूळ घालून दाट होईपर्यंत हलवायचं आणि ताटात थापून गार करायचं. त्याला ढवळणंच लागतं, वरचा नियम तिथे लागू नाही.

सोबत काय

घट्ट दही तर हवंच. तिकडे काकडी बारीक चिरून, दही, चिमूटभर मीठ, ठेचलेला लसूण आणि वाळलेला पुदिना असं करतात. आपल्या कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट आणि साखर इथे नको. कोबी बारीक चिरून लिंबू-मीठ लावलेलाही छान लागतो. वरून सांभार (कोथिंबीर) भुरभुरायची सवय असेल तर भुरभुरा, बिघडत काही नाही. तिखटाशिवाय घास उतरत नसेल तर ठेचा ताटात बाजूला घ्या, पण गंजात हिरवी मिरची टाकू नका. कांद्याचा गोडवा तिने पार झाकला जातो.

मुजद्दरा गरम, कोमट, गार कसाही खातात, म्हणून शेतावर डबा न्यायला सोयीचा. मात्र मे महिन्यात सकाळी केलेला दुपारपर्यंतच. शिजलेला भात उन्हाच्या तापात ठेवला की त्यात वाढणारे जंतू जे विष सोडतात, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. उरला तर पसरून गार करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा; फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात रात्रीचा सकाळी खाऊ नका. तळलेला कांदा वेगळ्या डब्यात ठेवा, तो तीन-चार दिवस कुरकुरीत राहतो.

पंगतीसाठी

पन्नास माणसांना अडीच किलो मसूर, अडीच किलो तांदूळ, आठ किलो कांदे, दीड लिटर तेल. मीठ १२५ ग्रॅम धरा, पण आधी शंभरच घाला. पाणी त्याच पटीत वाढवू नका: मोठ्या गंजात वाफ कमी जाते, म्हणून तांदळाच्या एका मापाला पावणेदोन मापंच पुरतात. मसूर दहा लिटर पाण्यात शिजवा आणि दाणा घरच्यापेक्षा थोडा आधी काढा, कारण एवढा ढीग गाळून होईपर्यंत तो आतल्या उष्णतेने शिजत राहतो. कांदा एका वेळी दीड किलोहून जास्त तळू नका. तेल थंड पडतं आणि कांदा तळण्याऐवजी उकडतो. तो आदल्या रात्रीच तळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवला तर सकाळचे दोन तास वाचतात. भात एकाच भल्या मोठ्या गंजात करण्यापेक्षा दोन गंजांत करा. एकातच केला की वरच्या वजनाने खालचा मसूर चेंगरतो आणि शेवटच्या पंगतीला वाढायला लगदा उरतो.